एल्फिन्स्टन (आडनाव)

एल्फिन्स्टन : स्कॉटलंडमधील एक दुर्मीळ, गावाच्या नावावरून पडलेले आडनाव. एडिंबरोच्या पूर्वेस ईस्ट लोदियन परगण्यात ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे छोटे खेडे आहे. त्या खेड्याच्या जहागिरीवरून हे आडनाव आले. मुंबईकरांना ते कॉलेज, सर्कल आणि रेल्वे स्टेशनमुळे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असल्याने ते दुर्मीळ असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात हे आडनाव लावणारी माणसे थोडी आणि त्या नावाची ठिकाणे पुष्कळ. याची कारणे घराण्यातल्या वारसाहक्काच्या भानगडीत आणि ईस्ट इंडिया कंपनीतल्या वशिल्यात सापडतात.

आडनावाचा उल्लेख तेराव्या शतकातल्या जमिनीच्या दस्तऐवजांत ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ अशा रूपात येतो. नावातला ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतली वाडी किंवा वस्ती. आधीचा भाग एखाद्या माणसाचे नाव असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणचे लोक ‘अमुककर’ म्हणू लागतात. स्कॉटलंडच्या सखल भागात असे नाव आधी चिकटले ते गावाच्या मालकाला. पुढे त्याच्या जमिनीवर राबणारी कुळे आणि पदरी असलेली माणसेही तेच आडनाव लावू लागली. म्हणून आजचा प्रत्येक एल्फिन्स्टन त्या उमराव घराण्याच्या रक्ताचाच असेल असे नाही. कुलवृत्तान्त लिहिणारी मंडळी हा मुद्दा सोयीस्करपणे बाजूला ठेवतात.

घराण्याची आणि गावाची ताटातूट फार लवकर झाली. १४३५ मध्ये पाइपरडेनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. मागे मुलगी ॲग्नेस आणि पुरुष वारसा सांगणारा चुलता, असा पेच उभा राहिला. बराच काळ चाललेल्या वादानंतर मूळ गाव ॲग्नेसकडे, म्हणजे तिच्या सासरच्या जॉनस्टन घराण्याकडे गेले, आणि चुलत्याच्या वंशाला स्टर्लिंगशरमध्ये फोर्थ नदीच्या खाडीलगतच्या एअर्थजवळच्या जमिनी मिळाल्या. थोडक्यात, गाव मुलीबरोबर गेले आणि आडनाव चुलत्याबरोबर. गावातला पंधराव्या शतकातला मनोरा त्यानंतर दुसऱ्यांच्याच ताब्यात राहिला. १५४६ मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला अटक झाल्यावर याच मनोऱ्यात आणून ठेवले होते. हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा. जमिनीखालचा कोळसा काढल्याने मनोऱ्याला तडे गेले आणि १९५५ मध्ये त्याचा बहुतेक भाग पाडावा लागला. एअर्थजवळ घराण्याने दुसरा ‘एल्फिन्स्टन टॉवर’ बांधला. तोही अठराव्या शतकात डनमोरच्या अर्लला विकला गेला. आज तिथे पडीक भिंती आहेत.

मधल्या काळात घराण्याची चढती कमान होती. विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४) हा ॲबर्डीनचा बिशप झाला. तो एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा होता, पण विद्वत्तेच्या बळावर राजाचा मंत्री होण्यापर्यंत पोचला. १४९५ मध्ये पोपची सनद मिळवून त्याने ॲबर्डीन विद्यापीठाचा पाया घातला आणि स्कॉटलंडमध्ये पहिला छापखाना निघावा म्हणून राजाकडे शब्द टाकला. ब्रह्मचर्याच्या नियमामुळे त्याच्यापासून औरस वंश वाढण्याचा प्रश्न नव्हता, मात्र ॲबर्डीनमध्ये हे नाव सर्वांत घट्ट रुजले ते त्याच्यामुळेच. तिथल्या विद्यापीठात एल्फिन्स्टन हॉल आहे आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी १९९५ मध्ये काढलेली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटही आहे. थोरल्या पातीतल्या अलेक्झांडरला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्फिन्स्टन हा किताब मिळाला आणि १५१३ च्या फ्लॉडनच्या रणात तो राजा चौथा जेम्स याच्याबरोबर पडला. एका धाकट्या पातीला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड बॅल्मेरिनो हा किताब मिळाला. त्या मालिकेतला सहावा लॉर्ड आर्थर एल्फिन्स्टन हा स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने १७४५ च्या बंडात उतरला आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचे मुंडके उडवले गेले. किताब जप्त झाला आणि ती पाती तिथेच खुंटली.

भौगोलिक प्रसाराच्या दृष्टीने स्कॉटलंडात या नावाचे चार पुंजके धरता येतात : लोदियन, स्टर्लिंगशर, ॲबर्डीनशर आणि उत्तरेकडची ऑर्क्नी बेटे. पहिल्या दोहोंचे कारण वर आलेच आहे. ऑर्क्नीची कथा जास्त रंजक आहे. पहिल्या लॉर्ड एल्फिन्स्टनची मुलगी युफेमिया आणि राजा पाचवा जेम्स यांच्या संबंधातून रॉबर्ट स्टुअर्ट हा मुलगा झाला. तो पुढे ऑर्क्नीचा अर्ल बनला आणि त्याच्या मागोमाग आजोळची माणसेही बेटांवर पोचली. सँडे बेटावरच्या लोपनेसचे एल्फिन्स्टन हे त्यांतलेच. याच लोपनेस पातीतला जॉन एल्फिन्स्टन (१७२२–१७८५) हा ब्रिटिश नौदल अधिकारी कॅथरिन राणीच्या रशियन आरमारात गेला आणि १७७० मध्ये चेश्मे येथे तुर्की आरमार जाळण्याच्या मोहिमेत एका तुकडीचा प्रमुख होता. त्याच्या वंशजांपैकी काही जण बाल्टिक किनाऱ्यावर लिव्होनियात स्थिरावले. क्रिमियन युद्धात सेबास्टोपोलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हॉवर्ड एल्फिन्स्टन १८२९ मध्ये तिथेच, आजच्या लाटव्हियात जन्मला. लढला मात्र इंग्रजांकडून, तेही रशियाविरुद्ध.

ॲबर्डीनशरमध्ये लोगी-एल्फिन्स्टन ही शाखा होती. तिला १७०१ मध्ये बॅरोनेट पद (लॉर्डपेक्षा खालचा वंशपरंपरागत किताब) मिळाले. इथे आडनावाचे पुढे काय होते याचा नमुना पाहायला मिळतो. मालमत्ता मुलीकडे गेली, तिने ज्याच्याशी लग्न केले त्याने किंवा मुलांनी मालमत्तेबरोबर आडनावही स्वीकारले, आणि डॅलरिम्पल-हॉर्न-एल्फिन्स्टन असे तीन डब्यांचे नाव तयार झाले. १८०५ मध्ये ॲबर्डीनहून निघालेला कालवा ज्या टोकाला संपत होता त्या वस्तीला याच कुटुंबावरून पोर्ट एल्फिन्स्टन म्हणू लागले. कालवा १८५४ मध्ये बंद झाला, वस्ती आणि नाव टिकले. समुद्रापासून इतक्या आत ‘पोर्ट’ कशासाठी, असा प्रश्न नवख्याला पडतो तो त्यामुळेच.

थोरल्या घराण्यात अशीच एक जोडणी झाली. दहाव्या लॉर्डचा मुलगा विल्यम हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर कप्तान होता. १७७४ मध्ये त्याने कारबेरीच्या फुलर्टन घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केले आणि फुलर्टन-एल्फिन्स्टन झाला. कारबेरी मूळ एल्फिन्स्टन गावापासून अगदी जवळ. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नामुळे हातचे गेलेल्या मुलखात हे घराणे पुन्हा आले तेही लग्नामुळेच. कारबेरी टॉवर पुढे लॉर्ड एल्फिन्स्टनचे निवासस्थान झाले आणि १९६१ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडला दिले गेले. हा विल्यम नंतर कंपनीचा डायरेक्टर आणि चेअरमन झाला. त्या काळी कंपनीतल्या नेमणुका डायरेक्टरांच्या शिफारशीने होत. धाकट्या मुलांना जहागिरीत वाटा नसे आणि काका डायरेक्टर. हिंदुस्थानात एकाच आडनावाचे इतके अधिकारी का दिसतात याचे उत्तर एवढेच आहे.

यांतला पहिला मोठा माणूस म्हणजे विल्यमचा पुतण्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९). १७९६ मध्ये तो कोलकात्याला उतरला, १८११ पासून पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्यात त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. तो जाताना मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी शिक्षणासाठी उभा केला आणि त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी इथे शिकवीत असत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे आणि नंतर कॉलेजचे विद्यार्थी. दुसरा, माउंटस्टुअर्टचा पुतण्या, तेरावा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. तो आधी मद्रासचा आणि १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. १८५७ च्या धामधुमीत मुंबई त्याच्याच हाती होती. फोर्टमधले एल्फिन्स्टन सर्कल (आता हॉर्निमन सर्कल) आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन ही नावे त्याच्यावरून पडली. मुंबईत अनेकांना ही सारी नावे एकाच माणसाची वाटतात. कॉलेज काकाचे आणि सर्कल पुतण्याचे, असे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. स्टेशनचे नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तरी ‘एल्फिस्टनला उतरतो’ म्हणणारे प्रवासी अजून आहेत.

तिसरा मात्र घराण्याच्या नावाला डाग लावून गेला. डायरेक्टर विल्यमचा मुलगा, म्हणजे माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलत भाऊ, मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. संधिवाताने जर्जर झालेल्या या म्हाताऱ्याकडे काबूलच्या फौजेचे नेतृत्व दिले गेले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ती फौज बर्फाच्या खिंडीत जवळजवळ नामशेष झाली आणि एप्रिलमध्ये तो स्वतः अफगाणांच्या कैदेत मेला. गंमत अशी, की अफगाणिस्तानात १८०८-०९ मध्ये ब्रिटिशांची पहिली वकिलात घेऊन गेला होता तो माउंटस्टुअर्टच. त्याने त्या देशावर लिहिलेला ग्रंथ इंग्रजांना उपलब्ध होता.

इतकी कर्तबगार माणसे असून आडनाव का पसरले नाही? बरेचसे उत्तर लग्नांच्या नोंदींत आहे. माउंटस्टुअर्टने लग्न केले नाही. मुंबईचा गव्हर्नर झालेला दुसरा एल्फिन्स्टन, लॉर्ड जॉन, १८६० मध्ये अविवाहितच वारला. त्याच्यानंतरचा चौदावा लॉर्ड पुढच्याच वर्षी, तोही अविवाहित. किताब फुलर्टन-एल्फिन्स्टन शाखेकडे गेला. याच घराण्यातला ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन (१७४६–१८२३), पुढे लॉर्ड कीथ, याने १७९५ मध्ये केप कॉलनी घेतली आणि १८१५ मध्ये शरण आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवण्याची व्यवस्था त्याच्याच हातून झाली. त्याची थोरली मुलगी मार्गारेट ही आईच्या माहेरच्या मालमत्तेमुळे मर्सर एल्फिन्स्टन हे नाव लावत असे. १८१७ मध्ये तिने बापाचा विरोध पत्करून नेपोलियनचाच माजी सरदार शार्ल द फ्लाओ याच्याशी लग्न केले. तिला मुली झाल्या, त्यामुळे आडनाव पुढे गेले नाही. तिचा एक नातू लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, पण वेगळ्या नावाने. विसाव्या शतकात सोळाव्या लॉर्डचे लग्न एलिझाबेथ राणीच्या सख्ख्या मावशीशी झाले होते. त्याचा थोरला मुलगा दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला, तेव्हा या नात्यामुळे जर्मनांनी त्याला कोल्डिट्‌झच्या किल्ल्यात ‘खास कैद्यां’मध्ये ठेवले.

आडनावे वाहणारी माणसे अशी कमी होत असताना नकाशावर मात्र नाव वाढत गेले. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात एल्फिन्स्टन नावाची वस्ती आहे. ब्रिटिश कोलंबियातला माउंट एल्फिन्स्टन हा रशियाच्या आरमारात गेलेल्या जॉनच्या त्याच नावाच्या मुलाची आठवण आहे. १७९४ च्या नौदल लढाईत तो ‘ग्लोरी’ जहाजाचा कप्तान होता. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात कॅसलमेनजवळ एल्फिन्स्टन गाव आहे. ओमानच्या मुसंदममध्ये एल्फिन्स्टन इनलेट नावाची डोंगरांत घुसलेली खाडी आहे. तिथल्या बेटावर १८६४ मध्ये कराची-बसरा तारमार्गाचे ठाणे होते. तांबड्या समुद्रात इजिप्तच्या मार्सा आलमजवळचे एल्फिन्स्टन प्रवाळखडक समुद्रात बुडी मारणाऱ्या हौशी लोकांच्या आवडीचे आहेत. या बहुतेक ठिकाणी त्या आडनावाचे कुटुंब शोधायला गेले तर सापडणार नाही.

अशा आडनावांचा प्रसार तपासताना १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेचा आधार सर्वांत जास्त घेतला जातो, कारण तिच्या नोंदी पूर्णपणे उतरवून काढलेल्या आहेत. स्कॉटलंडात सक्तीची जन्ममृत्यू नोंदणी १८५५ पासून. त्याआधीचे काम चर्चच्या दप्तरांवर भागवावे लागते. एक सोय स्कॉटलंडात आहे आणि इंग्लंडात नाही. तिथे विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव दस्तऐवजांत आणि थडग्यांवरही कायम राहत असे, त्यामुळे मुलींच्या बाजूने गेलेल्या एल्फिन्स्टन वारशाचाही माग काढता येतो. गुणसूत्रांच्या अभ्यासाने याला अलीकडे जोड मिळाली आहे. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांचे पुरुष तपासले. आडनाव जितके दुर्मीळ तितकी त्या पुरुषांची मूळ पितृपरंपरा एक असण्याची शक्यता जास्त, असे त्यात दिसले. एल्फिन्स्टनसारख्या एकाच खेड्यातून निघालेल्या नावाला हे लागू पडायला हवे, पण कुळांनी घेतलेल्या नावांमुळे तिथे सावधपणेच निष्कर्ष काढावा लागतो. शोध घेणाऱ्याने एल्फिन्स्टन, एल्फिंगस्टन, एल्फिस्टन आणि इंग्रजी लेखनातला शेवटचा ‘ई’ गाळलेली रूपे अशी सगळीच लेखने तपासावीत. जुने पाद्री कानावर पडेल तसे लिहीत आणि सख्ख्या भावंडांची नावेसुद्धा एकाच दप्तरात दोन तऱ्हांनी सापडतात.