‘टॉक’ फिल्मच्या मागची गोष्ट

‘टॉक’ नावाची एक छोटी ब्रिटिश फिल्म आहे, तिथल्या डिसॅबिलिटी राइट्स कमिशनने काढलेली. एक धडधाकट तरुण अचानक अशा जगात येऊन पडतो जिथे अपंग लोकच जास्त आहेत, मस्त जगतायत, आणि कीव केली जाते ती याची.

कमिशन सुरू झालं २००० मध्ये. त्याआधी १९९५ ला भेदभावविरोधी कायदा आला होता (आपल्याकडचा पहिला अपंग व्यक्ती कायदाही १९९५ चाच), पण ब्रिटनच्या कायद्यातून शिक्षण जवळजवळ बाहेरच ठेवलेलं, शाळा-कॉलेजं त्यात यायला २००१ उजाडलं. म्हणजे ज्या वयात पोरांना सगळ्यात जास्त टोचतं तिथेच संरक्षण नाही, हे मला फार लागतं.

आणि हा कायदाही कुणी आपणहून दिला नाही. आयटीव्ही या ब्रिटिश टीव्ही चॅनलवर ‘टेलिथॉन’ नावाचा कार्यक्रम व्हायचा, अपंग मुलांची केविलवाणी चित्रं दाखवून पैसे गोळा करायचे, तर १९९० आणि १९९२ ला अपंग लोकच स्टुडिओबाहेर जमले, टीशर्टवर ‘पिस ऑन पिटी’, म्हणजे तुमची कीव गेली खड्ड्यात. १९९२ नंतर तो टेलिथॉन झाला नाही.

पण फिल्ममधल्या उलट्या जगाची कल्पना त्याहून जुनी आहे असं मला वाटतं. व्हिक फिंकेलस्टाइन, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढून जेलमध्ये गेलेला, स्वतः व्हीलचेअरवर, नंतर ब्रिटनला आला. १९७५ मध्ये त्याने एका गावाची गोष्ट लिहिली. गावात सगळे व्हीलचेअरवाले, घरं त्यांनीच बांधलेली, मग उंच दारं कशाला हवीत? दारं पाच फुटांची, छत सात फूट चार इंचांवर. तिथे चालणारी माणसं राहायला येतात आणि त्यांची डोकी आपटायला लागतात, कपाळावर टेंगळं. डॉक्टर तपासतात, खास हेल्मेट देतात, कमरेत वाकवून ठेवणारे पट्टे देतात. नोकऱ्या मिळेनात म्हणून त्यांच्यासाठी वर्गणी सुरू होते, दुकानात उलटी हेल्मेटं ठेवून त्यात चिल्लर टाकायची.

शेवटी ती माणसं एकत्र येऊन म्हणतात, अहो दारं उंच करा ना, प्रश्नच मिटेल. आणि गाववाल्यांना वाटतं, बिचाऱ्यांनी आपलं अपंगत्व अजून मनातून स्वीकारलेलं नाही.