तरतरी वेगळी, दम वेगळा

रोज पळणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात: पळून आल्यावर येणारी तरतरी आणि सावकाश अंगात मुरणारा दम. नवखा माणूस या दोन्ही एकच समजतो. साताऱ्यात सकाळी समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाटाला लागणाऱ्यांत दर पावसाळ्यात नवे चेहरे दिसतात आणि दिवाळीपर्यंत त्यातले बरेच गायब होतात. लोक त्यांना आळशी म्हणतात, मला ते पटत नाही. ‘महिना झाला पळतोय, पण काही वाटतच नाही,’ ही त्यांची तक्रार असते. तरतरी आली नाही, म्हणजे दमही वाढला नाही, असं ते धरून चालतात.

तरतरी त्या त्या दिवसाची असते. अर्धा-पाऊण तास मध्यम जोराने पळालं की डोकं हलकं होतं, चिडचिड ओसरते आणि पुढचे काही तास बरे जातात. याचं सगळं श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्याला द्यायचे. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन लोकांना पळवलं, तरी त्यांना ही तरतरी आलीच. त्यामुळे आता आनंदामाइडसारख्या, शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांकडे बोट दाखवलं जातं. रमतगमत चालून ती फारशी वाढत नाहीत आणि ऊर फुटेस्तोवर पळूनही नाहीत. त्यात अपुरी झोप, ऊन, घरातली काळजी आडवी येते. एखाद्या दिवशी तरतरी आलीच नाही, तर त्यात बिघडलेलं काही नसतं.

दम मात्र गाजावाजा न करता वाढतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे त्याचा पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलायला लागतं. पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत पायांच्या स्नायूंमध्ये केसासारख्या बारीक केशवाहिन्या आणि पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. यातलं पळताना काहीच जाणवत नाही, म्हणून दम मोजावा लागतो. सकाळी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. काही आठवड्यांत आकडा उतरायला लागतो. दुसरी परीक्षा घाटातली. चढावर पळता पळता सोबत्याला ‘अरे, काल रात्री भाजीत मीठच नव्हतं’ एवढं वाक्य एका दमात सांगता आलं पाहिजे. महिन्यापूर्वी त्याच वळणावर कमरेवर हात ठेवून उभे राहत असाल, तर कमाई झालेली आहे, मन कितीही मरगळलेलं असो.

पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा हा घोळ होत नाही. १६०० मीटर आणि हातात स्टॉपवॉच, त्यांना दमाचाच हिशोब लागतो. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्यामागे आधीची कित्येक वर्षं लांब पल्ल्याचं पळणं होतं. दुकान किंवा शाळा सांभाळून पळणाऱ्याला मात्र तरतरीच जास्त मोलाची, असं मी म्हणेन. संध्याकाळी घरातल्यांवर न खेकसणारा माणूस ही काही लहान मिळकत नव्हे.

घोळाची दुसरी बाजू जास्त घातक आहे. चार दिवस तरतरी आली की माणूस हुरळतो आणि थेट सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवतो. ती २१ किलोमीटरची आहे, तीही यवतेश्वरचा घाट चढून-उतरून. हृदय काही आठवड्यांत सरावतं, पण हाडं आणि स्नायुबंध महिनोन्‌महिने घेतात. मग नडगी ठणकायला लागते. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरकडे जा. तिथे अंगावर काढू नका, हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

खंड पडला की दोन्हींतला फरक आणखी स्पष्ट होतो. दोन आठवडे बसून काढले की दम उतरायला लागतो. तरतरी मात्र परतल्याच्या पहिल्याच सकाळी येऊ शकते. म्हणून तापातून उठलेला माणूस खूश होऊन घाटात शिरतो आणि दुसऱ्या वळणावर मटकन बसतो. अशाने आधी पूर्ण बरं व्हावं, मग आठवडाभर सपाटीवर निम्मं अंतर सावकाश पळावं. कॅलेंडरवरचा नाडीचा आकडा आजारापूर्वीच्या जागी आला, की घाट.