आधी कामाचे तुकडे, मग त्यांची पाठवणी

कारखाना बंद पडला की दोष कुणाचा यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या. दुसरं म्हणतं, त्या परदेशी गेल्या. भाषणात दुसरंच जास्त खपतं, कारण परक्या देशाविरुद्ध घोषणा देता येतात, यंत्राविरुद्ध देऊन काही उपयोग नसतो. पण गेल्या अडीचशे-तीनशे वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की हे दोन आरोपी वेगळे काढता येत नाहीत. काम आधी लहान लहान तुकड्यांत मोडलं जातं. तुकडा सुटा झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात: यंत्राकडे जाणं, किंवा जिथे हात स्वस्त आहेत तिथे जाणं. कोणती वाट धरायची हे मजुरी, वाहतुकीचा खर्च, सरकारी कायदे आणि कामगारांची संघटित ताकद यांवर ठरतं. बरेचदा तुकडा आधी एका वाटेने जातो आणि काही वर्षांनी दुसऱ्या.

सुरुवात कापडापासून करावी लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या छापील सुती कापडाने इंग्लंडच्या बाजारात असा जम बसवला की तिथले लोकर आणि रेशमाचे विणकर रस्त्यावर उतरले. ब्रिटिश संसदेने 1700 मध्ये या छापील कापडाची आयात रोखली आणि 1721 मध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. या आडोशाला तिथला सुती धंदा वाढला. रिचर्ड आर्कराइटने 1769 मध्ये पाण्यावर चालणाऱ्या सूतयंत्राचं पेटंट घेतलं, 1771 मध्ये क्रॉमफर्डला गिरणी उभी केली आणि 1774 मध्ये बंदी उठली. तोवर गरज संपली होती. पुढच्या काही दशकांत व्यापाराची दिशा उलटी झाली. गिरणीचं सूत आणि कापड हिंदुस्थानात येऊ लागलं. त्याचा पहिला फटका बसला घरोघरी चरख्यावर सूत कातणाऱ्या बायकांना. विणकराला निदान गिरणीचं सूत घेऊन मागावर बसता येत होतं, कातणाऱ्यांकडे तेवढाही पर्याय नव्हता. स्वस्त परदेशी माल, त्याविरुद्ध बंदी, बंदीच्या सावलीत यंत्र आणि मग यंत्राच्या जोरावर निर्यात हा क्रम नंतर अनेक देशांनी गिरवला. खुल्या व्यापाराचे धडे देणारे तो सहसा शेवटून वाचायला घेतात.

यंत्र हाती आल्यावर ब्रिटनने ते कोंडून ठेवायचा प्रयत्न केला. कुशल कारागिरांना देश सोडायला मनाई होती आणि यंत्रांच्या निर्यातीवर निर्बंध होते. पहिली मनाई 1824 मध्ये उठली, यंत्रांवरची 1843 मध्ये. पण सॅम्युएल स्लेटर नावाचा तरुण 1789 मध्येच अमेरिकेला निघून गेला होता. आर्कराइटचा भागीदार जेडेडाया स्ट्रट याच्या गिरणीत त्याने उमेदवारी केली होती. यंत्राची रचना त्याच्या डोक्यात होती आणि डोक्याची झडती कुणी घेऊ शकत नव्हतं. पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटमध्ये त्याची यंत्रं फिरू लागली. म्हणजे तंत्रज्ञान सरहद्द ओलांडतं ही आजची तक्रार कारखान्याइतकीच जुनी आहे.

लडाइटांबद्दल एक गैरसमज फार घट्ट बसला आहे. 1811 पासून नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणण्याचे माग फोडणारे हे लोक ‘यंत्रविरोधी’ म्हणून ओळखले जातात. पण त्यांनी फोडलेले मागच नवे नव्हते. मोजे विणायचा माग विल्यम ली याने 1589 च्या सुमारास बनवला होता. सव्वादोनशे वर्षं कारागीर त्यावरच पोट भरत होते. त्यांचा राग होता तो मालकांच्या नव्या पद्धतीवर: रुंद मागावर सलग कापड काढायचं, ते कापून, शिवून हलके मोजे बनवायचे, आणि उमेदवारी न केलेल्या माणसांना कमी मजुरीवर बसवायचं. चांगले मोजे विणणाऱ्याच्या हातातलं कसब अशा रीतीने मातीमोल होत होतं. संसदेने 1812 मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात या विधेयकाविरुद्ध भाषण केलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. 1813 च्या जानेवारीत यॉर्कला 17 जणांना फासावर चढवलं गेलं. त्यांतले सगळेच माग फोडण्याच्या आरोपावरून गेले नव्हते, पण संदेश पोहोचायचा तिथे पोहोचला.

तुकडे पाडण्याचं शास्त्र पूर्णत्वाला गेलं ते हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात. तिथे 1913 मध्ये मोटारीच्या सांगाड्याची जुळणी सरकत्या साखळीवर आली. आधी एका सांगाड्याला साडेबारा तास लागत, काही महिन्यांत ती वेळ 93 मिनिटांवर आली. मात्र माणसं टिकेनात. त्या वर्षी सुमारे 14 हजार कामगारांची संख्या कायम राखायला फोर्डला 52 हजारांवर माणसं भरती करावी लागली. दिवसभर एकच नट आवळायचा, तोही साखळीच्या वेगाने, याला लोक महिन्या-दोन महिन्यांत कंटाळून निघून जात. जानेवारी 1914 मध्ये जाहीर झालेली पाच डॉलरची रोजी आणि आठ तासांची पाळी ही गळती थांबवण्यासाठी होती. मालकाची दानत म्हणून ती पुढे गाजली, पण तिच्यामागे भरतीच्या खर्चाचा रोकडा हिशेब होता. तरी एवढं खरं, की कसब कमी आणि पगार बरा असा एक नवा सौदा इथे जन्मला. पुढे कामगार संघटनांनी तो भांडून भक्कम केला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर श्रीमंत देशांतल्या कामगाराचं घर त्याच सौद्यावर उभं राहिलं.

सगळं कसब मात्र साखळीवर चढलं नव्हतं. धातू कापून घडवणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीनवरचा कारागीर अजून राजा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं काम स्वयंचलित करायच्या दोन पद्धती पुढे आल्या. एकीत निष्णात कारागीर एक नग स्वतः काढायचा, त्याच्या हालचाली टेपवर नोंदल्या जायच्या आणि मशीन त्या पुन्हा करून दाखवायचं. दुसरीत इंजिनिअर आकृतीवरून आकडे काढून टेप तयार करायचा आणि कारागिराची गरज फक्त नग चढवण्या-उतरवण्यापुरती उरायची. अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटी या तंत्रविद्यापीठाने 1952 मध्ये दाखवलेलं यंत्र दुसऱ्या जातीचं होतं, आणि आजच्या सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांचा, वंश तिथूनच निघतो. विमानाचे गुंतागुंतीचे वक्र भाग आकड्यांनीच नीट निघत, हे त्यामागचं खरं कारण होतं. पण कामाची चावी शॉप फ्लोअरवरून ऑफिसात गेली, हेही व्यवस्थापनाला गैरसोयीचं नव्हतं. यंत्र काय करू शकतं एवढ्यावर त्याचं रूप ठरत नाही, ऑर्डर कोण देतं यावरही ठरतं. 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, कामाला लागला. तापलेले ओतीव भाग साच्यातून उचलण्याचं ते काम कुणीही हौसेने करत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल आरडाओरडा झाला नाही.

आता त्या शोधाकडे येऊ, ज्यात हुशारी सगळ्यात कमी आणि परिणाम सगळ्यात मोठा. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज मालाच्या 58 मोठ्या पेट्या, म्हणजे कंटेनर, घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. तोवर जहाज भरणं म्हणजे पोती, पिंपं, खोकी एकेक करून हमालांनी जहाजाच्या पोटात रचणं. त्याला टनामागे पाच डॉलरच्या वर खर्च यायचा, पेट्यांनी तो 16 सेंटच्या आसपास आणला. नुसती पेटी मात्र पुरेशी नव्हती. तिच्या आठही कोपऱ्यांत भोकं असलेले पोलादी ठोकळे असतात. खालच्या पेटीच्या ठोकळ्यात एक खुंटी बसवायची, वरची पेटी तिच्यावर ठेवायची आणि दांडा फिरवायचा. खुंटीचं डोकं आडवं होतं आणि दोन पेट्या एकमेकींना जखडतात. हाच कोपरा क्रेनच्या चौकटीत अडकतो आणि ट्रकवरही. मॅक्लीनचा इंजिनिअर कीथ टँटलिंजर याने ही रचना केली आणि तिचं पेटंट सगळ्यांना खुलं करायला मालकाला राजी केलं. मापं जगभर एक झाली नसती, तर पेटी एका कंपनीची सोय होऊन बसली असती.

गोदीतल्या माणसांचं काय झालं, ते प्रत्येक बंदरात वेगळं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या संघटनेने 1960 मध्ये यंत्रं येऊ दिली, पण मालकांकडून वर्षाला 50 लाख डॉलरचा निधी आणि असलेल्या सभासदांसाठी कामाची हमी घेऊन. लंडनमध्ये असा करार पचनी पडला नाही. संप झाले, माल फेलिक्सस्टोसारख्या नव्या बंदरांकडे वळला, आणि 1968 ते 1981 या काळात शहरातल्या जुन्या गोद्या एकापाठोपाठ एक बंद झाल्या.

वाहतूक स्वस्त झाल्यावर तुकडे दूर पाठवता येऊ लागले. त्यांना उतरायला जागा आधीपासून तयार होत होत्या: 1959 मध्ये आयर्लंडच्या शॅननला करमुक्त औद्योगिक क्षेत्र, 1965 मध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवरची कारखान्यांची योजना, 1966 मध्ये तैवानचं काओशुंग, 1980 मध्ये चीनचं शेनझेन. 1960 च्या दशकात फेअरचाइल्ड कंपनीने कॅलिफोर्नियात बनवलेल्या ट्रान्झिस्टरची जुळणी हाँगकाँगला हलवली. माल इतका लहान आणि मोलाचा की विमानानेही परवडायचा. चिप बनवण्यासारखं अवघड काम घरी राहिलं आणि तारा जोडण्यासारखं किचकट काम समुद्रापार गेलं.

कपडे शिवण्याचं काम तर आजही फिरतंच आहे, आणि त्यामागचं कारण अगदी साधं आहे. पत्रा वाकवला तर वाकवला तसा राहतो, कापड राहत नाही. शर्टाची बाही खांद्याला जोडताना दोन वक्र कडा समोरासमोर येतात आणि त्यांची लांबी सारखी नसते. शिवणारी बाई जास्तीचं कापड बोटांनी हळूहळू आत सरकवते, चुणी पडू देत नाही, आणि हे सगळं सुई पळत असताना. यंत्राला हे नीट जमत नाही, म्हणून हात लागतात. हात लागतात म्हणून धंदा स्वस्त हातांच्या मागे जातो. 1974 पासून श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे ठरवले. कोरियाचा कोटा अपुरा पडू लागला तेव्हा तिथल्या देवू कंपनीने बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी करार केला आणि 1979 मध्ये देशच्या सुमारे 130 जणांना बुसानमध्ये शिकवून परत पाठवलं. त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आयात अडवायला लावलेल्या कोट्यांनी एका नव्या देशाला निर्यातदार केलं, हा यातला गमतीचा भाग. 2005 च्या सुरुवातीला कोटे गेले, तरी बांगलादेश टिकला. पण कसा टिकला याची किंमत 24 एप्रिल 2013 रोजी सगळ्यांना दिसली. भेगा पडलेल्या राणा प्लाझा इमारतीत आदल्या दिवशी बाहेर काढलेल्या कामगारांना पुन्हा आत पाठवलं गेलं. इमारत कोसळली आणि 1,134 माणसं मेली. ज्यांचे कपडे तिथे शिवले जात होते, त्यांतल्या काही ब्रँडना आपला माल तिथे आहे हेच आधी सांगता आलं नाही, इतक्या हातांतून कंत्राट फिरलेलं होतं.

चीन 11 डिसेंबर 2001 रोजी जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेत कारखान्यांतला रोजगार 1979 मध्ये सुमारे 1 कोटी 95 लाखांवर होता, 2000 मध्ये 1 कोटी 73 लाखांच्या आसपास, आणि 2010 च्या सुरुवातीला तो 1 कोटी 15 लाखांपर्यंत घसरला. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये मांडलेल्या हिशेबात 1990 ते 2007 मधल्या घटीपैकी साधारण चौथा हिस्सा चिनी आयातीमुळे होता. एका देशासाठी हा आकडा लहान नाही, आणि उरलेला तीन चतुर्थांशही डोळ्यांआड करण्यासारखा नाही. माझ्या मते त्या अभ्यासाचा अधिक बोचरा भाग वेगळाच आहे. फर्निचर किंवा खेळण्यांसारख्या धंद्यांवर जगणाऱ्या गावांतली माणसं दुसरीकडे जाऊन नवं काम धरतील असं पाठ्यपुस्तक सांगत होतं. प्रत्यक्षात बरीच माणसं तिथेच राहिली, बेकार किंवा सरकारी मदतीवर.

पण जिथे काम गेलं तिथे सगळा पैसा गेला असंही नव्हतं. 2005 मध्ये 299 डॉलरला विकल्या जाणाऱ्या आयपॉडचे हिस्से संशोधकांनी मोजले, तेव्हा चीनमधल्या जुळणीच्या वाट्याला सुमारे चार डॉलर येत होते. बाकीचं रचना, ब्रँड, विक्री आणि हार्ड डिस्कसारखे भाग बनवणाऱ्यांकडे जात होतं. निर्यातीच्या आकड्यांत मात्र सगळी वस्तू चीनच्या नावावर चढायची.

काम परत आणायचे प्रयोगही झाले. आदिदासने जर्मनीत अन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ रोबोंनी बूट बनवणारे कारखाने काढले. 2019 मध्ये ते बंद करायचं ठरलं आणि तिथलं तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे गेलं. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकून सहा दिवस वाहतूक थांबली, त्याच सुमारास चिपअभावी मोटारींचे कारखाने थंडावले, आणि जवळचा पुरवठादार महाग असला तरी चालेल असं बोललं जाऊ लागलं. 2022 मध्ये अमेरिकेने चिप कारखान्यांसाठी अनुदानाचा कायदाच केला. अशा कारखान्यांवर अब्जावधी डॉलर लागतात आणि चालवायला माणसं थोडी. इमारत परत येते, पाळ्या भरून वाहणारं फाटक परत येत नाही.

दरम्यान ज्या देशाकडे हातांसाठी काम गेलं होतं, तोच सगळ्यात मोठा रोबो खरेदीदार झाला. 2023 मध्ये जगात बसवलेल्या सुमारे 5 लाख 41 हजार औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसले. बांगलादेशातल्या स्वेटर कारखान्यांत हाताने चालणाऱ्या विणयंत्रांच्या जागी संगणकावर चालणारी, नक्षीसकट विणणारी जॅकार्ड यंत्रं आली आहेत, जिथे एक माणूस अनेक यंत्रं सांभाळतो. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी दाखवलं आहे की उद्योगाची शिडी आता लवकर संपते. ब्रिटनमध्ये भर काळात सुमारे 45 टक्के कामकरी माणसं कारखानदारीत होती, मेक्सिकोत हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाऊनच उतरणीला लागलं. शेती सोडून येणाऱ्या तरुणाला साखळीवर उभं करून, मामुली शिक्षणावर बरा पगार देणारा जो सौदा 1914 मध्ये सुरू झाला, तो इथिओपियासारख्या उशिरा आलेल्या देशांच्या वाट्याला पूर्ण येईल का, यावर अर्थतज्ज्ञांत आज खरा वाद आहे. बाही जोडायचं काम अजून हातांकडे आहे, आणि त्या वादात आशावादी बाजूचं सगळ्यात भक्कम कारण सध्या तेच आहे.