अवकाळी : कोणाच्या हिशेबानं?

चुकलेल्या वेळेसाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांची कामं वाटलेली आहेत. मृत्यू अकाली येतो, केस अकाली पिकतात. पाहुणा अवेळी येतो. ‘अवकाळी’ मात्र जवळजवळ सगळा पावसाचाच झाला. इतका, की पुढचा ‘पाऊस’ गळून पडला. ‘अवकाळीनं झोडपलं’ एवढं म्हटलं तरी नाशिकच्या निफाड-दिंडोरीत सगळं समजतं. यातला ‘अव’ अवगुण, अवलक्षण, अवदसा यांतला. म्हणजे वेळ नुसती चुकली नाही, ती वाईटावर आली.

पण चुकली ती कोणाच्या हिशेबानं? जुना हिशेब नक्षत्रांचा. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतं, तिथून स्वातीपर्यंत पावसाचे दिवस. त्याआधी एप्रिल-मेमध्ये कोसळणाऱ्या सरींना वळीव हे वेगळं नाव, आणि त्यात रागही नाही. तापलेली जमीन भिजते, मशागत सोपी होते.

नाशिक जिल्ह्यात हा हिशेब द्राक्षानं आणि उन्हाळ कांद्यानं बदलला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेली बाग नोव्हेंबरात फुलोऱ्यात असते. हरभऱ्याला चालून जाणारा शिडकावा तिथे डाउनी हा बुरशीजन्य रोग आणि घडकूज घेऊन येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर साखर भरलेले मणी पाणी शोषून तडकतात. कांद्याची काढणी मार्च ते मे. शेतात भिजलेला कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. त्यामुळे कांदा उघड्यावर पडलेला असताना वळीवही इथे अवकाळीच ठरतो. २६ नोव्हेंबर २०२३ च्या पावसानं आणि गारपिटीनं निफाड भागातल्या बागांची जी दैना केली, ती याच बदललेल्या वेळापत्रकावर.

सरकारी कागद मात्र ‘अवेळी पाऊस’ म्हणतो. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट होती, हा पाऊस नव्हता. राज्यानं तो स्वतःची आपत्ती म्हणून धरला. हे फार महत्त्वाचं होतं, कारण गार न पडताही बाग जाते. २०१५ मध्ये मदतीसाठी नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ वर आली. तरी माझ्या मते खरी अडचण पंचनाम्याच्या दिवसाची आहे: कूज आणि डाउनी पावसानंतर काही दिवसांनी दिसतात, आणि तलाठी लगेच आला तर त्याला हिरवीगार बाग दिसते.