खाली बसलेली गाडी आणि शॉकअपच्या डोक्यावरची प्लेट

टायर बदलताना कळतं. बाहेरून नक्षी शाबूत, आणि चाक काढून फिरवलं की आतल्या कडेला तार निघालेली. "आतून खातंय," गॅरेजवाला म्हणतो आणि मग गाडीकडे नीट बघतो, "खाली केलीय वाटतं?" माझ्या भाच्याच्या हॅचबॅकचं हेच झालं. स्प्रिंगा बदलून त्याने गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली बसवली. दिसायला झकास झाली, आणि वर्षाच्या आत पुढचे दोन्ही टायर गेले. मित्रांनी उपाय सुचवला, कॅम्बर प्लेट टाक, म्हणजे चाकाचा कल बदलणारी, शॉकअपच्या डोक्यावर बसणारी प्लेट. कुठली घेऊ, हे विचारायला तो माझ्याकडे आला. मी त्यालाच विचारलं, टायर खाल्लं कोणी?

संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्यावर जातो, कारण तो दिसतो. गाडीसमोर उभं राहिलं की चाकाचा माथा आत कललाय की बाहेर, हे कळतं. आत कलला तर निगेटिव्ह कॅम्बर. टो मात्र दिसत नाही. वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर फाकलीत, तो टो. समजा, एक चाक सरळ रेषेपासून फक्त ०.२ अंश वळलंय. नजरेला काही जाणवणार नाही, पण ते चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवं घासतं. म्हणजे पुण्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत पाऊण किलोमीटरच्या वर रबर नुसतं खरवडलं जातं. गाडी खाली बसली की टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो आणि टो हलतो. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर आलेलं असतंच, मग टो तीच कड सोलून काढतो. स्प्रिंगा बसवल्यावर भाच्याने अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, केलंच नव्हतं. निम्मी केस इथेच निकालात निघाली.

उरलेल्या निम्म्यासाठी बॉनेट उघडायला हवं. दोन्ही बाजूंना, तीन-चार नटांनी घट्ट केलेली वाटीसारखी जागा दिसते. शॉकअपचं डोकं तिथे रबरी माउंटिंगमध्ये अडकवलेलं असतं. शॉकअपनेच चाकाला वरून धरायचं, ही मॅकफर्सन स्ट्रटची रचना. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीसाठी तिच्यावर काम केलं. तो प्रकल्प गुंडाळला गेला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले, आणि १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांमध्ये ही रचना आली. स्वस्त, आटोपशीर, इंजिनाला जागा मोकळी ठेवणारी. आपल्याकडे मारुती ८०० पासून बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हीच आहे.

तिची खोड मात्र गाडी खाली केल्यावर कळते. चाक खालून लोअर आर्म नावाच्या आडव्या दांड्याने धरलेलं असतं. हा आर्म घड्याळाच्या काट्यासारखा एका टोकाभोवती फिरतो. काटा चारवरून तीनकडे येताना त्याचं टोक बाहेर सरकतं, तीनवर सगळ्यात लांब जातं आणि दोनकडे जाऊ लागलं की पुन्हा आत येतं. कंपनीच्या उंचीवर आर्म थोडा खाली झुकलेला असतो. म्हणून वळणावर चाक वर दबलं की त्याचा पाय बाहेर जातो, माथा आत कलतो आणि टायर रस्त्यावर सपाट राहायला मदत होते. गाडी जास्त खाली केली की आर्म आधीच तीनच्या बराच पुढे गेलेला असतो. मग चाक दबेल तसा उलट परिणाम होऊ लागतो. उभ्या गाडीत चाकं ऐटीत आत कललेली दिसतात आणि नेमक्या वळणावर, जिथे तो कल हवा, तिथे तो हातचा जातो. शर्यतवाले म्हणूनच मुळात जास्त कल देऊन ठेवतात. रोज ऑफिसला सरळ रस्त्याने जाणाऱ्याला त्याची गरज नसते.

कॅम्बर प्लेट त्या रबरी माउंटिंगच्या जागी बसते. तिच्या खाचांमधून शॉकअपचं डोकं आत-बाहेर सरकवता येतं. डोक्यापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत, म्हणजे लोअर आर्म चाकाला जोडणाऱ्या सांध्यापर्यंत ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर डोकं १ सेंटिमीटर सरकवल्यावर चाक जवळजवळ १ अंशाने कलतं. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात, प्लेट बाहेरच्या बाजूलाही सरकते. भाच्याला कल वाढवायचा नव्हताच, कंपनीच्या आकड्याजवळ परत आणायचा होता. काही प्लेटींमध्ये डोकं पुढे-मागेही सरकतं. ते मागे नेलं की कॅस्टर, म्हणजे शॉकअपचा मागे झुकलेला कोन वाढतो, स्टीअरिंग वळणानंतर जोरात सरळ होतं आणि हाताला थोडं जडही लागतं.

फरक अर्ध्या-एक अंशाचा असेल तर आधी कॅम्बर बोल्ट बघावा. शॉकअप आणि चाकाच्या जोडावरचा हा गोल नसलेला बोल्ट फिरवला की कल बदलतो, आणि पैसे फार कमी लागतात. अडचण एवढीच की त्याने कल वाढवताना टायर शॉकअपच्या नळीजवळ येतं. रुंद टायर असेल तर घासतं. प्लेटमध्ये अख्खा सांगाडाच कलतो, त्यामुळे ते अंतर तसंच राहतं.

प्लेटच घ्यायची ठरली, तर जाहिरातीतले अंश शेवटी बघा. आधी बघा, शॉकअपचं डोकं धरणारा सांधा कसला आहे. शर्यतीच्या प्लेटींमध्ये रबराऐवजी पोलादी गोलाकार सांधा असतो. स्टीअरिंग चोख लागतं, पण रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो, आणि आपली धूळ नि पावसातला चिखल त्या सांध्याला लवकर खिळखिळा करतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद होता. आपल्या गल्लीतला कुठल्या मापाचा, ते गल्लीलाच ठाऊक. रोजच्या गाडीला रबर असलेली प्लेट बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग वजन कुठून जातं ते बघा. स्प्रिंगचा भार वेगळ्या बेअरिंगवर आणि शॉकअपच्या दांड्याचा भार सांध्यावर, अशी विभागणी असेल तर सांधा टिकतो. प्लेटची जाडीही मूळ माउंटिंगशी ताडून बघावी. फरक असेल तेवढी गाडीची उंची हलते आणि शॉकअपला दबायला उरलेली जागाही. खाली केलेल्या गाडीत ती आधीच कमी झालेली असते. स्प्रिंग कंपनीची रुंद असेल तर प्लेट पूर्ण आत ढकलायच्या आधीच ती वाटीच्या भिंतीला टेकते. तेव्हा ३ अंशांचं आश्वासन कागदावरच राहतं. आणि मागच्या चाकांसाठी कोणी प्लेट विकू लागला तर हसून निघावं. बहुतेक हॅचबॅकना मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई असते, तिथे ही प्लेट लागतच नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर, स्टीअरिंग सरळ ठेवून, तो रिमच्या समोर सोडायचा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजायचं. टायरवरून मोजू नये, खाली ते फुगलेलं असतं. १५ इंची रिमवर साधारण सात मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. प्लेट हलवली की टो पुन्हा हलतो, म्हणून शेवटी अलाइनमेंटच्या मशीनवर जायलाच लागतं.

भाच्याने रबरवाल्या प्लेटी बसवल्या. गाडी जागेवर उभी करून मी त्याला स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि हात स्प्रिंगवर ठेवला. बेअरिंग नीट बसलं नसेल तर स्प्रिंग पीळ भरून अचानक टण्णकन सुटते. उजवीकडची सुटली. परत खोलावी लागली.