शॉटगनची काडतुसं घरी पुन्हा भरायची आहेत? अमेरिकेतले नियम, पात्रता आणि कागदपत्रं

स्वतःच्या वापरासाठी शॉटगनची काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात परवाना नाही, अर्ज नाही, फी नाही. एवढं कळलं की बरेच जण निर्धास्त होतात आणि गॅरेजातला काडतुसं भरायचा प्रेस पुसायला घेतात. पण भरायला परवाना लागत नसला तरी त्यासाठी लागणारा माल जवळ ठेवायला तुम्ही पात्र असावं लागतं. या छंदात मध्ये चार-पाच वर्षांचा खंड पडला असेल, तर ही पात्रता नकळत हातची गेलेली असू शकते.

कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. प्रायमर (दारू पेटवणारी काडतुसाच्या बुडाची टोपी) आणि बंदुकीची दारूही त्यातच मोडते. प्रायमर नसलेली प्लॅस्टिकची रिकामी पुंगळी आणि सुटे बारीक छर्रे तेवढे त्यातून वगळले आहेत. म्हणजे छऱ्यांची जड पिशवी चालेल, पण शॉटगनच्या ‘२०९’ प्रकारच्या प्रायमरची मुठीत मावणारी डबी हा दारूगोळाच.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना तो बाळगता येतो. एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते अशा गुन्ह्यात किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना मनाई आहे. कायदेशीर वास्तव्य संपलेल्यांनाही.

आपल्यातल्या पुष्कळांचा प्रश्न असतो तो एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ चा. या व्हिसांवर मुळात मनाईच आहे. त्यातून सूट मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं चालतं. मात्र ही लायसन्सं बहुधा वर्षभराचीच असतात. मुदत संपली की सूटही संपते, आणि दारूचा डबा मात्र फळीवर तसाच असतो. म्हणून कळकळीनं सांगतो, आधी लायसन्सचं बघा, मग प्रेसचं.

लायसन्ससाठी राज्याच्या वन्यजीव विभागाकडे अर्ज करायचा. ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि बहुतेक ठिकाणी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. ते हरवलं असेल तर ज्या राज्यात कोर्स केला तिथून दुसरी प्रत मागवा, कोर्स पुन्हा करायची गरज नाही. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) यांची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा. बंदूकही घ्यायची झाली तर दुकानात खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना हेच कागद लागतात.

राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात. इलिनॉयमध्ये दारूगोळ्यासाठी फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर दारू आणि प्रायमरसुद्धा लायसन्सशिवाय घेता येत नाहीत. घर बदलून नव्या राज्यात आला असाल तर जुन्या माहितीवर विसंबू नका.

दारू किती ठेवायची, याला अनेक ठिकाणी एनएफपीए ४९५ हे अग्निसुरक्षेचं मानक लागू आहे. त्यानुसार घरात धूरविरहित दारू २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात ठेवता येते. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. प्रायमर १०,००० पर्यंत. जुना डबा उघडलात तर आधी वास घ्या. चांगल्या दारूला सॉल्व्हंटसारखा वास येतो. नाकाला झोंबणारा आंबूस वास आला किंवा गंजासारखी तांबूस भुकटी दिसली, तर ती दारू वापरू नका. विल्हेवाटीसाठी अग्निशमन दलाला विचारा. लेबल गेलेल्या डब्याचंही तसंच, अंदाजानं कधीच भरू नका. आणि हा माल टपालानं कुणाला पाठवू नका, तिथे तो चालत नाही.

व्यवसाय म्हणून काडतुसं भरून विकायची असतील तर प्रकरण वेगळं. त्यासाठी एटीएफचं, म्हणजे बंदुका-दारूगोळ्याचे नियम बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं, टाइप ०६ लायसन्स लागतं: फॉर्म ७ वर अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, वय किमान २१, फी तीन वर्षांसाठी ३० डॉलर. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांना द्यावी लागते. एटीएफचा अधिकारी भेटीला येतो, आणि अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.

बदकांच्या शिकारीला जाणार असाल तर जुनी भरलेली काडतुसं नीट तपासा. पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे, आणि शिकारीच्या वेळी ती काडतुसं नुसती खिशात सापडली तरी गुन्हा होतो.