जहाज धक्क्याला लागणार की समुद्रातच थांबणार? लहान मुलांना घेऊन क्रूझ ठरवण्याआधी

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझच्या वेळापत्रकात दोन नावं बऱ्याचदा शेजारी-शेजारी दिसतात: मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत. दोन्हींपुढे पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ लिहिलेली असते. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हीकडे जहाज थांबणार, आपण उतरणार, फिरून परत येणार. नुसती मोठी माणसं असतील तर फरक फारसा जाणवणारही नाही. पण बरोबर दोन वर्षांचं पोर आणि चार-पाच वर्षांची त्याची ताई असेल, तर हे दोन दिवस अगदी वेगळे जातात.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरच्या धक्क्याला लागतं. फुकेतला बहुतेक मोठी क्रूझ जहाजं पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहतात आणि लहान बोटी माणसांना किनाऱ्यावर नेऊन सोडतात. या बोटींना टेंडर म्हणतात. कारण साधं आहे. 300 मीटरहून लांब जहाजाचा 8 ते 9 मीटर भाग पाण्याखाली असतो. तेवढी खोली आणि तेवढा लांब धक्का नसेल, तर जहाजाला बाहेरच थांबावं लागतं.

धक्क्याच्या दिवशी जहाज हे तुमचं घर असतं आणि घर रस्त्यालगतच असतं. बाबागाडी ढकलत जहाजाच्या उतरत्या पुलावरून उतरायचं, तपासणी ओलांडली की पेनांगचं जॉर्ज टाउन शहर समोरच. फोर्ट कॉर्नवॉलिस अगदी जवळ आहे. तिथून लिटल इंडियात चालत जाता येतं, आणि मलेशियात पोचल्यावरही पोरांना इडली-डोसा मिळतो. पण लहान मुलांच्या आईबाबांसाठी खरा फायदा दुपारी कळतो. ऊन चढलं, धाकटा किरकिरायला लागला, की बारा-साडेबाराला परत यायचं. जहाजावर जेवण, थंड खोलीत दोन तास झोप, आणि वेळ असेल तर चार वाजता पुन्हा बाहेर. एकाने झोपलेल्या मुलाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने मोठीला घेऊन तासभर भटकून यायचं, हेही जमतं. डायपर संपले, दूध सांडलं, कपडे खराब झाले तरी घाबरायचं कारण नाही.

टेंडरच्या दिवशी यातलं जवळपास काहीच होत नाही. सकाळी आधी नंबर घ्यायचा आणि हॉलमध्ये आपला नंबर पुकारण्याची वाट बघत बसायचं. जहाजामार्फत सहल घेतलेल्यांना सहसा आधी सोडतात, त्यामुळे स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्यांना किती थांबावं लागेल हे सांगता येत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या दारातून बोटीत पाऊल टाकायचं. जहाज स्थिर वाटत असतं, पण बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, हात देतात, पण त्या क्षणी तुमचे हात मोकळे हवेत. बाबागाडी मिटलेली हवी. म्हणून तान्ह्याला छातीशी बांधायची कॅरिअर झोळी या दिवशी बाबागाडीपेक्षा कितीतरी कामाची. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलेल्या मुलांना हे चढणं-उतरणं नवं वाटणार नाही. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं कुठे ठेवली आहेत, हे बोटीत बसल्याबसल्या विचारावं. त्यात संकोच नको.

परतताना हेच सगळं उलट्या क्रमाने, तेही दमलेल्या, वाळूने माखलेल्या पोरांना घेऊन. शेवटच्या तासाला सगळेच परत निघतात आणि रांग लांबते. म्हणून टेंडरच्या दिवशी जाणं एकदाच आणि येणं एकदाच असं धरून चालावं. दुपारची झोप जहाजावर होणार नाही. ती बाबागाडीत, सावलीत किंवा मांडीवर होईल. पाणी, खाऊ, कपड्यांचे दोन जोड, टोपी, औषधं सगळं सकाळीच पिशवीत हवं. शेवटची बोट सुटण्याची वेळ जहाज निघण्याच्या वेळेच्या बरीच आधीची असते. लक्षात ती ठेवायची.

घड्याळाचीही एक गोष्ट इथेच सांगतो. थायलंड सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे आहे. जहाजावर सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली असेल आणि तुमच्या फोनने मात्र थायलंडची वेळ धरली असेल, तर फोनमध्ये तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. जहाज कोणत्या वेळेने चालणार हे आदल्या संध्याकाळी बघून घ्या आणि मनगटावर त्याच वेळेचं साधं घड्याळ बांधा.

समुद्र खवळला तर टेंडर बंद. लाटा असतील तर बोट जहाजाला नीट लागत नाही आणि कप्तान ते बंदर टाळून पुढे जातो. फुकेतचा पश्चिम किनारा साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्याला उघडा असतो, आणि आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी नेमकी त्यातच शिरते. बंदर टळलं तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, फार तर बंदराचे कर परत येतात. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे मिळतात. बाहेर स्वतः बुक केलेल्या सहलीचं काय ते तुम्हालाच बघावं लागतं. मुलांना "उद्या हत्ती बघायचा" असं पक्कं वचन देऊ नये, एवढंच म्हणेन.

अमेरिकेतली आपली मंडळी फ्लोरिडाहून कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर जातात, तिथेही टेंडरच. क्रूझसाठी धक्का बांधायचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी 2025 च्या सार्वमतात नाकारला. ग्रीसच्या सांतोरिनीत तर बोटीतून उतरल्यावर कड्यावरच्या फिरा गावात जायला केबल कारची आणखी एक रांग, नाहीतर सुमारे 600 पायऱ्या. मूल कडेवर असेल तर पायऱ्यांचा विचारही करू नका.

धक्का आहे म्हणजे शहर जवळ, असं मात्र समजू नका. पोर्ट क्लांगला जहाज व्यवस्थित धक्क्याला लागतं, पण क्वालालंपूर तिथून 40 किलोमीटरच्या पुढे. जाऊन-येऊन गाडीतच दोन-तीन तास जातात. तिथे मी लहान मुलांना घेऊन शहर गाठायच्या भानगडीत पडणार नाही.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवरही हाच फरक भेटतो. गोव्यात जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं. लक्षद्वीपला बेटांभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ खाजण, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी होड्यांनी आत जातात. कोकणच्या जुन्या बोटींनी प्रवास केलेल्या आजीआजोबांना हे सांगावं लागणार नाही. तेव्हाही बऱ्याच बंदरांत आगबोट लांब उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागायचे.

तिकीट काढताना एजंटला प्रत्येक बंदराबद्दल एकच प्रश्न विचारा: धक्का की टेंडर? धक्क्यावर जागा नसली तर ऐनवेळी बदलही होतो, म्हणून आदल्या रात्री पुन्हा खात्री करा. आणि टेंडरच्या दिवशी धाकट्याला ताप असेल किंवा सगळेच दमले असाल, तर खुशाल जहाजावरच राहा. बहुतेक लोक उतरलेले असतात, पाण्याच्या घसरगुंडीला रांग नसते. बऱ्याच जहाजांवर 3 वर्षांपुढच्या, डायपर सुटलेल्या मुलांसाठी खेळघरही त्या दिवशी उघडं असतं. डायपरमधल्या बाळांना मात्र पोहण्याच्या मोठ्या तलावात सोडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.